तक्रार करणाऱ्याला खुर्ची

अप्पांनी मला फसवलं. माझी थोरली मुलगी त्यांनी माझ्या दालमिलमधून उठवली आणि दुसऱ्याच्या नोकरीत नेऊन बसवली. त्यासाठी लागणारा कागद त्यांनी माझ्याच तोंडून वदवून घेतला. ‘अप्पांनी’ असं लिहितो ते वयाला मान म्हणून. नाहीतर तोंडात वेगळे शब्द आहेत.

मी मंठाळहून बिदरला आलो तेव्हा बाजारात पाठीवर पोती वाहत होतो. आज माझ्या मिलची पोती दुसरे वाहतात. या मधल्या वर्षांत मला तूर विकणाऱ्यानं फसवलं नाही, डाळ घेणाऱ्यानं फसवलं नाही, वजनकाट्यानं फसवलं नाही. मी समोरच्याच्या भुवया बघून सांगतो की हा अजून किती उतरेल. आणि एका बायोडाटा लिहिणाऱ्या म्हाताऱ्यानं मला एक कप चहा संपायच्या आत गुंडाळलं. हे कुणाला सांगितलं तर हसतात. म्हणून लिहितो.

बिदरमध्येच, मैलूर भागात एक झेरॉक्सचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. त्या दुकानाबाहेर, पत्र्याच्या सावलीत अप्पांचं टेबल असायचं. आधी ते कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज आणि तक्रारी लिहून देत. मराठी, कन्नड, उर्दू, ज्याला जी पाहिजे ती भाषा. कचेरी कॉम्प्युटरवर गेली, अर्जाचे छापील नमुने आले, तशी त्यांनी टेबल उचललं आणि इथं आणून मांडलं. आता पोरांना नोकऱ्यांसाठी बायोडाटा लागतात, म्हणून ते बायोडाटा लिहू लागले. कॉम्प्युटरला त्यांनी कधी बोट लावलं नाही. ते हातानं लिहायचे, अक्का टाइप करायच्या.

टेबलापुढे एकच खुर्ची होती. नोकरी मागायला आलेला माणूस त्या खुर्चीवर बसायला गेला की अप्पा म्हणायचे, “तू न्हाई. तुझा वैरी कुठाय?”

ही त्यांची पद्धत होती. बायोडाटा पाहिजे असेल तर आपल्याशी ज्याचं पटत नाही असा एक माणूस बरोबर घेऊन यायचं. बाप, भाऊ, जुना मालक, घरमालक, सासू, कोणीही चालेल. पण त्यानं तुझ्याबरोबर रोज भांडलेलं पाहिजे. तो खुर्चीवर बसणार, त्याला चहा मिळणार, आणि नोकरी मागणारा बाजूला उभा राहून ऐकणार. मध्ये तोंड उघडायचं नाही.

“दोस्त दोन वाक्यांत संपतोय,” अप्पा म्हणायचे. “चांगला हाय, मेहनती हाय. झालं. वैरी असा संपत न्हाई. तो वार सांगतोय, टाइम सांगतोय, त्या दिवशी भाजी कुठली होती ते पण सांगतोय. मी जन्मभर तक्रारी लिवल्यात. माणसाचं काम जेवढं तक्रारीत दिसतंय तेवढं कशातच दिसत न्हाई.”

‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ आणि ‘होतकरू’ हे तीन शब्द त्यांच्या टेबलावर बंद होते. एका शिकलेल्या पोरानं हट्ट धरला, तर त्याला म्हणाले, “मेहनती तर बैल पण असतोय. बैलाला कुणी इंटरव्ह्यूला बोलवायलंय काय?”

माझी आणि त्यांची पहिली गाठ भांडणानं पडली. मला मिलसाठी सुपरवायझर पाहिजे होता, मी जाहिरात दिली होती. दोन दिवसांनी बघतो तर माझ्या फाटकासमोर लिंबाखाली एक म्हातारा घडीचं स्टूल टाकून बसलाय. पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल, मांडीवर फुटाण्यांचा पुडा. सकाळी होता, दुपारी जेवून आलो तरी होता. आमच्या धंद्यात असा बसलेला माणूस एकतर सरकारचा असतो, नाहीतर पलीकडच्या मिलवाल्याचा. मी तडक गेलो.

“कोण हो तुम्ही? कामून बसलाव हितं सकाळधरनं?”

“बसा की सावकार,” ते म्हणाले, जणू फाटक त्यांचंच. “फुटाणे खाताव?”

“फुटाणे नगो. कुणी पाठवलंय तुम्हाला?”

“मला कोण पाठवतंय? तुमच्याकडं सुपरवायझर पायजे म्हणून जाहिरात हाय न्हाई का? एक जण अर्ज करायलाय. त्याचा बायोडाटा लिवायचाय. म्हणून तुमचं गेट बघायलोय.”

“बायोडाटा त्याचा, आन् गेट माझं कामून?”

“जाहिरातीत लिवलंय ‘अनुभवी पायजे’. ते समदेच लिवत्यात. जागेला खरं काय पायजे ते गेटवर कळतंय.” त्यांनी एक फुटाणा तोंडात टाकला. “सकाळधरनं तुम्ही अकरा बार वरडलाव. एका बारला हमाल भितीमागं पळाले. एका बारला तुमचा कारकून लिवायचं सोडून हात बांधून उभा राहिला. तुम्ही वरडलाव की मिल थांबायलीय, सावकार. तुम्हाला अनुभवी माणूस नगो. तुम्ही वरडत असताना ज्याचा हात चालू राहील असा पायजे.”

मी बाराव्यांदा ओरडलो.

आठवड्यानं अर्ज आले. बहुतेक अर्जांत ‘मेहनती, प्रामाणिक’ हीच आरती होती. एका कागदावर मात्र वरच लिहिलं होतं, ‘सात वर्षं चुलत्यांच्या गुऱ्हाळावर काम केलं. चुलते पहाटेपासून संध्याकाळपर्यंत ओरडतात. सात वर्षांत चुलाण एकदाही विझलं नाही.’ मी एकटाच बसून हसलो. त्या माणसाला घेतलं. तो आजही माझ्याकडे आहे. मी ओरडतो, तो मान हलवतो, मिलचा पट्टा चालू राहतो. त्याच्या चुलत्यानं अप्पांच्या खुर्चीवर बसून काय तक्रार केली होती, ते मला पुढे कळलं. ‘ह्या पोराला कितीबी बोला, ह्याच्या अंगाला लागतच न्हाई!’

म्हणजे मला अप्पांची विद्या पहिल्या दिवसापासून माहीत होती. तरी फसलो. हीच तर माझी तक्रार आहे.

त्यानंतर मी बाजारातून जाताना मुद्दाम मैलूरवरून जायचो. कामाला जातो असं सांगायचो, पण खरं म्हणजे तमाशा बघायला जायचो. एकदा निंबर्ग्याहून एक सून आणि तिची सासू आल्या. सून उभी, सासू खुर्चीवर. सासूनं चहाची बशी खाली ठेवली आणि सुरू झाली.

“काय सांगू अप्पा, हिच्या हाती घर न्हाई, ठाणं हाय ठाणं! पाहुणे आले की उंबऱ्यात उभं करून विचारती, नाव काय, कुठनं आलाव, कोण धाडलंय. वहीत लिवून घेती! माझ्या सख्ख्या भावाला विचारली हो!”

“आन्?”

“आन् नऊ वाजले की दाराला कडी. परवा मालक भजनाला गेल्ते, सव्वा नऊ झाले. उघडली न्हाई! म्हणली, मामा, उद्यापास्नं वेळेवर या. सासरा ओट्यावर निजला!”

“वहीत काय काय लिवती?”

“समदं. लेकराला ताप किती होता, औषध कवा दिली, म्हस दूध किती दिली. मी किती साखर खाल्ली ते पण लिवती!”

अप्पा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या करून ठेवायचे. एका तक्रारीला एक पट्टी. त्या दिवशी टेबलावर नऊ पट्ट्या झाल्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक खडा. मग त्यांनी सुनेला विचारलं की अर्ज कुठं कुठं करायचेत. एक होता मुलींच्या होस्टेलवर, एक दवाखान्यात नोंदणीला. अप्पांनी पट्ट्या हलवायला सुरुवात केली. होस्टेलच्या कागदासाठी कडी वर आली, पाहुण्यांची चौकशी दुसरी, ताप तिसरा. दवाखान्यासाठी ताप आणि औषध वर, नावगाव दुसरं, कडी सगळ्यात खाली. म्हशीची पट्टी दोन्हीकडून काढून टाकली.

“नोकरी दोन, पोरगी एकच,” मी म्हणालो. “एकच कागद लिवून दोन्हीकडं धाडा की. कामून एवढी हमाली?”

“तुम्ही एकच डाळ हैदराबादला आन् सोलापूरला धाडताव काय?”

“न्हाई. त्याला बारीक लागती, याला जाड.”

“तूर तर एकच की!” ते म्हणाले. “खरं बदलायचं न्हाई सावकार. खऱ्याचा क्रम बदलायचा.”

ती सून होस्टेलवर लागली. सासूनं गावभर सांगितलं की माझ्यामुळं लागली. आणि ते खोटं नव्हतं. नोकरी लागली की लोक पेढे आणायचे, अप्पा ते स्वतः खायचे नाहीत. पुडा बांधून वैऱ्याकडे पाठवायचे. “बोलला कोण? मान त्याचा,” म्हणायचे. निंबर्ग्याच्या त्या सासूला पुडा पोचला तेव्हा तिनं अप्पांना निरोप धाडला की धाकट्या सुनेच्या पण लई तक्रारी हाईत, कवा येऊ?

एकदा एका ड्रायव्हरला घेऊन गॅरेजचा म्हातारा मिस्त्री आला होता. तो खुर्चीवर बसूनही तडतडत होता. “अप्पा, ये आदमी पागल है! हर चाय पे गाडी से उतरता, चारों टायर को हात लगा लगा के देखता. आवाज आया बोलके आधी रात को मेरे कू फोन करता. मैं बोला, सो जा रे बाबा, गाडी भी सो री!” अप्पांनी पट्टी लिहिली आणि त्या ड्रायव्हरच्या शाळेच्या बसच्या अर्जात सगळ्यात वर टाकली. त्याच ड्रायव्हरच्या मालट्रकच्या अर्जात मात्र ती खाली गेली, कारण अप्पा त्या ट्रान्स्पोर्टच्या फाटकावर बसून आले होते आणि तिथं प्रत्येकाला पोचायची घाई होती. शाळेनं त्याला घेतलं. ट्रान्स्पोर्टनंही बोलावलं होतं. तो शाळेत गेला. तिथं त्याचा उतरून बघायचा रोग चालतो.

आता माझ्या थोरलीकडे येतो.

ती शेतकीची पदवी घेऊन आली आणि सरळ माझ्या मिलमध्ये बसली. तीन वर्षं तूर खरेदी तिनं केली. मी मनात धरून चाललो होतो की मिल तिची. बोर्डावर नाव तिचं घालणार होतो, रंगाऱ्याला सांगूनही ठेवलं होतं. पण आमचं रोज वाजायचं. ती प्रत्येक पोतं उघडायची. वरचं नाही, मधलं, आणि त्यातही तळातलं. शेतकऱ्याची तूर ओली असली तर नाकारायची, ते ठीक. पण नाकारून झाल्यावर त्याला सावलीत बसवून समजावायची की कशी वाळवायची, कुठं पसरायची. तोवर मागं रांग लागायची. आणि सगळ्यात मोठं भांडण वरच्या थराचं. बाजाराची रीत आहे, पोत्याच्या तोंडाला जरा देखणी डाळ असते. सगळे करतात. घेणाऱ्यालाही माहीत असतं. ती मात्र माझ्या स्वतःच्या मिलच्या दारात, माझ्या हमालांसमोर, माझी पोती आडवी करून सांगायची, “अण्णा, हे जाणार न्हाई.”

“मालक कोण हाय हितं?”

“तुम्ही. पण हे जाणार न्हाई.”

एका मोठ्या कंपनीनं हुमनाबादच्या रस्त्याला तूर आणि डाळ खरेदीचं केंद्र उघडलं. मी खूश झालो, कारण असं गिऱ्हाईक दारात आलं तर मिल बारा महिने चालते. थोरलीही खूश झाली, पण तिचं कारण वेगळं होतं. तिथं खरेदीसाठी माल तपासणारा अधिकारी पाहिजे होता. तिनं तिथं अर्ज करायचं ठरवलं. शिवाय एका बियाणांच्या कंपनीत आणि एका शेतकी शाळेतही. मला संध्याकाळी जेवताना सांगितलं.

“आन् मिल?”

“मिल तुमची हाय अण्णा. तुमच्या आवाजात चालती. माझ्या आवाजात काय चालतंय ते बघायचंय कुठंतरी.”

मी ताट सरकवलं. आमच्या घरात मी ताट सरकवलं की चार दिवस कोणी बोलत नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आली.

“मैलूरला यायचंय तुम्हाला. अप्पांकडं.”

“मी कामून?”

“वैरी न्यावा लागतोय. माझ्याशी तुमच्याएवढं कोण भांडलंय?”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी म्हणालो, चल. मनात म्हटलं, पोरी, तूच मला खुर्ची देतीस! असं सांगतो की तुला कोणी दारात उभं करणार नाही. आठ दिवसांत मिलमध्ये परत. गाडीत मी तक्रारी मनात लावत गेलो, सौद्याला जाताना लावतो तशा. आधी लहान, मग मोठी.

खुर्चीवर बसलो. अक्कांनी चहा आणला. थोरली उभी. मी सुरू केलं आणि एकदा सुरू केल्यावर मला थांबवणारं कोणी नव्हतं. ती वेळ घालवते. एकदा सांगून शेतकऱ्याला नाही कळलं तर चारदा सांगते. मलासुद्धा चारदा सांगते. वजनापेक्षा ओलावा जास्त बघते. ओळखीचा, जातीचा, पाव्हण्याचा, कोणाचाच मुलाहिजा ठेवत नाही. अप्पा “हां, हां” करत पट्ट्या लिहीत होते. त्यांचे डोळे खाली. मला वाटलं म्हातारा कंटाळला. मग मी हुकमाचं पान टाकलं.

“आन् हे लिवा अप्पा. ही पोरगी स्वतःच्या बापाचा माल पास करत न्हाई. बापाचा!”

अप्पांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हे नगो, सावकार.”

“कामून नगो?”

“लई कडक हुतंय. बाप म्हणून तुमची पण शोभा न्हाई. खाली कुठंतरी टाकू. सगळ्यात शेवटी.”

“न्हाई. वर!”

“बरं, मधी ठिवू.”

“मधी न्हाई. वर म्हणलो की वर!”

“सावकार, पोरीच्या नोकरीचा सवाल हाय. ऐका माझं. दुसरी ओळ करू. पहिली नगो.”

दुसऱ्या ओळीपर्यंत आलाय, म्हटलं. आता सोडायचा नाही. मी स्वतः पुढे वाकलो, ती पट्टी माझ्या बोटानं सरकवत सरकवत सगळ्यांच्या वर नेली, आणि वर खडा ठेवला. अप्पांनी मोठा सुस्कारा टाकला.

“तुमच्याम्होरं कुणाचं चालतंय?” ते म्हणाले. “पण मग एवढंच लिवून अर्धं राहील. ‘वडिलांची दालमिल आहे. त्यांच्याकडून एक दाणाही घेणार नाही.’ असं पुरं लिवू काय?”

“लिवा!” मी म्हणालो. “ठासून लिवा.”

थोरली बाजूला उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. मी त्या दिवशी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलंच नाही, मी पट्टीकडे बघत होतो. मी जिंकून घरी आलो.

नंतर अक्कांकडून कळलं. कागद तीन झाले होते. शेतकी शाळेच्या कागदात वर होतं, ‘एकदा सांगून कळलं नाही तर चारदा सांगते, वडिलांनासुद्धा’. बियाणांच्या कंपनीच्या कागदात वर होतं, ‘माल नाकारते तेव्हा कारण सांगते आणि उपायही’. मी वर चढवलेली पट्टी फक्त एकाच कागदात होती, त्या खरेदी केंद्राच्या. आणि थोरलीनं मला सांगायच्या आधीच अप्पांना सांगितलं होतं, म्हणून आम्ही यायच्या आधी तीन दिवस ते त्या केंद्राच्या फाटकावर स्टूल टाकून बसले होते. तिथला आधीचा माणूस आपल्या मेव्हण्याची ओली तूर घेत होता म्हणून घरी गेला होता. वॉचमननं फुटाणे खात खात सगळं सांगितलं होतं. त्या जागेला काय पाहिजे ते अप्पांना माझ्या खूप आधी ठाऊक होतं. मला आणलं होतं ते फक्त तेवढं बोलायला.

पण थांबा. अजून माझ्या हातात एक संधी होती, आणि ती कशी गेली तेही लिहितो.

कंपनीतून मला फोन आला. पुण्याकडचं मराठी बोलणारे कोणी साहेब. मिल चालू होती, मी कानात बोट घालून ऐकत होतो.

“तुमच्या मुलीच्या अर्जातली पहिली ओळ तुम्ही सांगितलीय, असं ती म्हणते. खरं आहे का?”

‘नाही’ म्हटलं असतं तर विषय संपला होता. पोरगी खोटी ठरली असती, कागद केराच्या टोपलीत आणि ती परत माझ्या मिलमध्ये. शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात साहेब हसले आणि म्हणाले, “नाही म्हणजे, अर्जात लोक काहीही लिहितात हो. वडिलांचाच माल नाकारणारी मुलगी, हे जरा जास्तच वाटलं.”

माझं डोकं फिरलं.

“जास्त वाटलं? या की हितं! परवाच माझी सोळा पोती आडवी केलीत तिनं, हमालांसमोर! मागच्या महिन्यात तिच्या मामाची गाडी भरून परत लावलीय, मामा अजून घरी येत न्हाई! तुमच्या ऑफिसात एक तर हाय काय असं माणूस? शंका घ्यायची असली तर माझ्या मालावर घ्या, माझ्या पोरीवर न्हाई!”

मग साहेब म्हणाले, “थँक यू. एवढंच विचारायचं होतं.”

फोन ठेवला आणि बघतो तर सुपरवायझर माझ्याकडे बघून हसत होता. पट्टा चालू होता.

तिसऱ्या दिवशी तिला नोकरीचं पत्र आलं. बाकीच्या दोन ठिकाणांहूनही आलं, पण ती तिथंच गेली. घरी अप्पांकडून पेढ्यांचा पुडा आला. माझ्या नावानं. बायकोनं उघडला आणि मला एक दिला. मी रागानं खाल्ला. चांगला होता, म्हणून दुसरा घेतला.

मग मी मैलूरला गेलो. टेबलावर हात आपटला, खडे उडाले.

“फसवलाव मला!”

“काय खोटं लिवलो?”

“खोटं न्हाई लिवलाव, पण वर लिवलाव!”

“मी तर खालीच टाकू म्हणत हुतो,” अप्पा म्हणाले आणि फुटाण्यांचा पुडा पुढे केला. “अक्का साक्षीला हाय. व्हय न अक्का?”

“व्हय व्हय,” अक्का आतून म्हणाल्या. “तीनदा म्हणले.”

उभ्या बाजारात मी आयुष्यभर काय केलं? तूर हवी असली की तोंड वाकडं करून ‘नगो, नगो’ म्हणत राहिलो, आणि विकणारा आपल्या पायानं माझ्या दराला आला. तीच माझी विद्या या म्हाताऱ्यानं माझ्यावर लावली होती, आणि मी नवख्या गड्यासारखा पोतं उचलून त्याच्या काट्यावर ठेवलं होतं. मला हसू आलं. राग होताच, पण हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यावर माणसाला खोकला येतो. अक्कांनी पाणी दिलं.

आता अप्पा कलबुर्गीला नातीकडे राहतात. मी फोन केला की “हां, हां, सावकार” म्हणतात, नातीच्या पोराचं काहीतरी सांगतात आणि ठेवतात. मैलूरचं टेबल अक्कांनी आत घेतलंय. आणि माझी बाजू ऐकणारं कोणी उरलं नाही, म्हणून हे इथं मांडलं.

कारण खरी गोष्ट पुढेच आहे. थोरली आठवड्यातून एकदा घरी येते. जेवते, आईशी बोलते, आणि जाताना मिलमध्ये शिरून दोन पोती आडवी करते. सवय. पहिले दोन-तीन महिने तिनं काही न बोलता फक्त माझ्याकडे बघितलं आणि गेली. ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मग मी वरच्या थराचा प्रकार बंद केला. कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मर्जीनं. चाळण्या बदलल्या, ओली तूर घेणं सोडलं, नाकारलेल्या शेतकऱ्याला सावलीत बसवून सांगू लागलो. रांग लागते. लागू दे.

मागच्या रविवारी ती आली. पोतं आडवं केलं, तळातली डाळ मुठीत घेतली, दाताखाली फोडून बघितली. दुसरं पोतं. तिसरं. मग हात झटकून म्हणाली, “अण्णा, हे पास हाय.”

तीन वर्षं आणि वर एक वर्ष वाट बघितली होती मी या वाक्याची. हमालांसमोर बोलली. मी घसा खाकरून विचारलं, “मग गाडी कवा लावू तुमच्या केंद्राला?”

“लावता येत न्हाई.”

“कामून? पास हाय म्हणलीस की!”

“पास हाय. पण माझ्या अर्जात लिवलंय न, वडिलांकडून एक दाणाही घेणार न्हाई. त्याच ओळीवर घेतलेत मला.” मग हसली. “तुम्हीच वर ठिवला होताव.”

तर अप्पा, हे वाचून कोणीतरी तुम्हाला दाखवेल म्हणून लिहितो. आख्ख्या जिल्ह्यात माझ्याएवढी चोख डाळ आज कुणाकडे नाही. आणि तिचं मोल कळणारं जे एकच माणूस आहे, त्याला ती घेता येत नाही, कारण तुम्ही ‘पुरं लिवू काय’ म्हणालात आणि मी ‘ठासून लिवा’ म्हणालो. मी माझं बोलणं कबूल करतो, मी ते फोनवरही नाकारलं नाही. आता तुम्ही तुमचं कबूल करा. ‘हे नगो, सावकार’ म्हणताना तुमचा हात थांबला होता, तो खरंच थांबला होता की थांबवला होता? फोनवर ‘हां, हां’ चालणार नाही. नातीला घेऊन या, तिच्या पोराला घेऊन या, पण समोर या, आणि माझ्या थोरलीच्या देखत याचा जबाब द्या.